खगोलशास्त्रज्ञ नक्की करतात काय? दुर्बिणीच्या मागच्या यंत्राची गोष्ट

पुण्यात सीओईपीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात एकेकाळी भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती, आणि हे सीओईपीत शिकलेल्या लोकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. १८८८ साली तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. पैसे भावनगरच्या महाराजांचे, म्हणून नाव त्यांचं, आणि ती उभी केली कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी. डब्लिनच्या ग्रब कंपनीने बनवलेली २० इंची आरशाची दुर्बीण. पण मला त्यातली जास्त आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे नायगमवालांचा सगळा जीव होता वर्णपटात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये. ताऱ्याचा प्रकाश नुसता बघून त्यांचं भागणार नव्हतं, तो फोडून त्यात काय दडलंय ते त्यांना वाचायचं होतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सगळी यंत्रं घेऊन जेऊरला गेले आणि तिथून सूर्याचे वेध घेतले. १९१२ मध्ये ते रिटायर झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हे आधी सांगायचं कारण असं की मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि दर वर्षी कुणीतरी पालक येऊन विचारतातच, "मॅडम, मुलगी म्हणतेय अ‍ॅस्ट्रोनॉमी करायचं, पण त्यात पुढे करतात काय? रात्रभर दुर्बिणीतून बघत बसायचं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टर काय करतो ते दिसतं, वकील काय करतो ते कळतं, खगोलशास्त्रज्ञ काय करतो ते कुणालाच दिसत नाही, आणि टीव्हीवर दाखवतात तो दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस तर आता कुठल्याच मोठ्या वेधशाळेत सापडणार नाही. म्हणून नीट बसून लिहायचं ठरवलं. आणि लिहिताना मुद्दाम त्या यंत्रापासून सुरू करतेय जे दुर्बिणीच्या मागे बसवलेलं असतं, कारण माझं ठाम मत आहे की खगोलशास्त्र समजून घ्यायचं असेल तर आरसा किती मोठा हे विचारण्याआधी त्याच्या मागे काय लावलंय हे विचारावं.

दुर्बिणीचं काम तसं सरळ आहे. खूप मोठ्या जागेवर पडलेला प्रकाश गोळा करून एका ठिकाणी आणायचा, बस. २ मीटरचा आरसा आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा लाखभर पट जास्त प्रकाश गोळा करतो. पण गोळा केलेल्या प्रकाशाचं काय करायचं हे दुर्बीण ठरवत नाही. त्याचा फोटो काढायचा, का त्याचे रंग वेगळे करायचे, का तो सेकंदाच्या हजाराव्या भागात किती कमीजास्त होतोय ते मोजायचं, का त्याची कंपनं कुठल्या दिशेत होतात ते बघायचं, हे सगळं मागचं यंत्र करतं. त्याला या क्षेत्रात सरळ इन्स्ट्रुमेंट म्हणतात, आणि एकाच दुर्बिणीवर आज एक आणि उद्या दुसरं इन्स्ट्रुमेंट लावून पूर्ण वेगळं विज्ञान करता येतं.

आता रंग वेगळे करून काय मिळतं? जवळपास सगळंच. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाचे ठरावीकच रंग शोषतं किंवा सोडतं, म्हणून ताऱ्याच्या स्पेक्ट्रममध्ये बारीक काळ्या रेषा दिसतात आणि त्या रेषा वाचून तारा कशाचा बनलाय ते कळतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आले होते, त्याच वर्षी सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा सापडली जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळत नव्हती, इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने त्या नव्या मूलद्रव्याला हेलियम नाव दिलं आणि तो हेलियम पृथ्वीवर हातात यायला १८९५ उजाडलं. पुढे १९२० मध्ये आपल्या मेघनाद साहांनी समीकरण मांडलं की तापमान बदललं की अणूंचे इलेक्ट्रॉन किती सुटतात आणि त्यामुळे रेषा कशा गडद-फिक्या होतात. ते समीकरण वापरून सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. तोपर्यंत लोकांना वाटायचं तारेही साधारण पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचे असणार, फक्त तापलेले.

रेषांमधून वेगही कळतो. हायड्रोजनची एक लाल रेषा ६५६ नॅनोमीटरवर असते हे आपल्याला प्रयोगशाळेतून पक्कं माहीत आहे. एखाद्या दीर्घिकेत, म्हणजे गॅलॅक्सीत, तीच रेषा लालच्या बाजूला सरकलेली दिसली तर ती दीर्घिका आपल्यापासून लांब जातेय, आणि विश्व प्रसरण पावत असल्यामुळे जेवढी सरकलेली तेवढी ती लांब. म्हणजे एका रेषेची जागा मोजली की अंतराचा अंदाज हातात. हे वाचायला इतकं सोपं वाटतं की पोरं वर्गात माना डोलावतात, पण खरी मारामारी ती रेषा नीट मोजण्यात आहे.

ती कशी मोजतात ते जरा जवळून बघू. पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर घोडेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात गिरवलीला आयुकाची, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची वेधशाळा आहे, २ मीटर आरशाची दुर्बीण, २००६ पासून. तिच्या मागे आयफॉस्क नावाचं इन्स्ट्रुमेंट बसवलं गेलं, कोपनहेगनच्या वेधशाळेच्या सहकार्याने तयार झालेलं, फिकट वस्तूंचे फोटोही घेणारं आणि स्पेक्ट्रमही घेणारं. अशा यंत्रात आरशाकडून आलेला प्रकाश आधी एका अरुंद फटीवर पडतो. फट कशाला, तर आजूबाजूच्या आकाशाचा आणि शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश आत येऊ नये म्हणून, आणि फट जितकी अरुंद तितक्या रेषा जास्त स्पष्ट. आकाशात तिची रुंदी एखाद-दुसरा आर्कसेकंद असते, आणि पूर्ण चंद्र सुमारे १८०० आर्कसेकंद रुंद दिसतो, त्यावरून अंदाज घ्या. आपल्याला हवी ती फिकट दीर्घिका त्या फटीत बरोबर बसवायची, आणि पृथ्वी फिरत असताना तासभर तिथून हलू द्यायची नाही. फटीतून आलेला प्रकाश भिंगांमधून समांतर करतात, मग तो ग्रिझममधून जातो, म्हणजे प्रिझमवर बारीक रेघा आखलेली काच, तिथे रंग वेगळे होतात, आणि पुढच्या भिंगांनी ते सीसीडीवर उतरवले जातात.

सीसीडी म्हणजे मोबाईलच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा फार वरच्या दर्जाचा भाऊ म्हणा. १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये बॉईल आणि स्मिथ यांना त्याची कल्पना सुचली आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुन्या फोटोग्राफिक प्लेटवर शंभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडले तर एखाद-दुसऱ्याचीच नोंद व्हायची, चांगला सीसीडी ऐंशी-नव्वद नोंदवतो. म्हणजे दुर्बीण तीच, आरसा तोच, फक्त मागचा डिटेक्टर बदलला आणि ताकद कितीतरी पटीने वाढली! मात्र सीसीडी गरम असेल तर स्वतःच्याच उष्णतेने इलेक्ट्रॉन सोडत बसतो आणि ताऱ्याचे कुठले, आपले कुठले ते कळेनासं होतं, म्हणून त्याला निर्वात डब्यात बंद करून शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास थंड ठेवतात, बऱ्याच ठिकाणी द्रवरूप नायट्रोजन ओतून. नायट्रोजन वेळच्या वेळी भरणं हाही वेधशाळेतल्या रोजच्या कामाचा भाग.

आणि एवढं करून जे हातात येतं ते चित्र अजून विज्ञानाच्या कामाचं नसतं. सीसीडीवर काहीच प्रकाश पडला नाही तरी प्रत्येक पिक्सेल काहीतरी आकडा दाखवतोच. मिठाईच्या दुकानात पेढे तोलताना आधी रिकाम्या खोक्याचं वजन शून्य करून घेतात ना, तसं इथे शून्य सेकंदाचा, शटर बंद असलेला फोटो घेऊन तो आकडा वजा करतात, त्याला बायस म्हणतात. मग सगळे पिक्सेल सारखे संवेदनशील नसतात म्हणून सगळीकडे एकसारखा उजेड असलेल्या पडद्याचा किंवा संधिप्रकाशातल्या आकाशाचा फोटो घेतात आणि त्याने भागतात, हा फ्लॅट. मग कुठल्या पिक्सेलवर कुठला रंग आलाय हे कळायला निऑन किंवा आरगॉनच्या दिव्याचा स्पेक्ट्रम घेतात, कारण त्या दिव्याच्या रेषा कुठे असतात हे पक्कं माहीत असतं. मग ज्याचं तेज आधीच नीट मोजलंय असा एखादा तारा बघून ठेवतात. वैश्विक किरणांनी उमटलेले ठिपके काढून टाकतात. आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करतात. हे सगळं झाल्यावर कुठे ती रेषा उरते. नवीन पीएचडीच्या मुलांचे पहिले महिने यातच जातात, कॉम्प्युटरसमोर, बाहेर छान ऊन पडलेलं असताना. म्हणून पालकांना मी सांगते की रात्री जागण्याचा भाग थोडा आहे, दिवसा कोड लिहिण्याचा भाग खूप आहे. आणि पावसाळ्यात तर गिरवलीसारख्या ठिकाणी आकाशच मिळत नाही, तेव्हा यंत्रांची देखभाल आणि मागचा डेटा, हीच कामं.

यंत्र बनवणाऱ्यांकडे लोकांचं लक्ष जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. डार्क मॅटरचं उदाहरण घ्या. व्हेरा रुबिन यांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलंय, त्यांनी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या वेगवेगळ्या भागांतले वेग मोजले आणि दिसलं की केंद्रापासून लांबचे भागही जोरातच फिरतायत, वेग कमी होतच नाहीये, म्हणजे दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा बरंच काही न दिसणारं तिथे असलं पाहिजे. तो पेपर १९७० चा. त्यावर दुसरं नाव आहे केंट फोर्ड यांचं, आणि ज्या स्पेक्ट्रोग्राफने ते वेग मोजले तो फोर्ड यांनी बांधला होता, त्यात प्रकाश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवणारी इमेज ट्यूब बसवून. त्या ट्यूबमुळे एकेका स्पेक्ट्रमला लागणारा वेळ खूप कमी झाला, नाहीतर देवयानीच्या इतक्या जागांचे वेध तेव्हा घेताच आले नसते. रुबिन यांची जिद्द आणि नजर तर होतीच, पण फोर्ड यांच्या ट्यूबशिवाय ती जिद्द कुठे लावणार होत्या?

किंवा अगदी आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. जुलै २०१७ मध्ये आयुकातल्या आणि इतर संस्थांतल्या भारतीय शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह सापडलाय, साधारण ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब आणि ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला, त्याला नाव दिलं सरस्वती. पेपरात मोठ्या बातम्या आल्या, आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला. तो सापडला स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या डेटातून, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत असलेल्या २.५ मीटरच्या दुर्बिणीतून. आता ती दुर्बीण एका वेळी शेकडो दीर्घिकांचे स्पेक्ट्रम कसे घेत होती माहितीये? अ‍ॅल्युमिनियमची मोठी गोल प्लेट घ्यायची, आकाशाच्या त्या तुकड्यात जिथे जिथे दीर्घिका आहेत बरोबर तिथे तिथे भोकं पाडायची, आणि प्रत्येक भोकात एकेक ऑप्टिकल फायबर हाताने खुपसायची. सुरुवातीला एका प्लेटला ६४०, नंतर १०००. दिवसा तिथले टेक्निशियन बसून फायबर लावायचे, रात्री ती प्लेट दुर्बिणीवर चढायची, दुसऱ्या दिवशी पुढची प्लेट. वर्षानुवर्षं. हायड्रोजनची ६५६ ची रेषा सरस्वतीतून निघून आपल्याकडे पोचेपर्यंत ८४० च्या आसपास सरकते, आणि अशा एकेका दीर्घिकेचं सरकणं मोजलं म्हणून कळलं की नुसत्या एकाच दिशेला दिसणाऱ्या दीर्घिका या नाहीत, खरोखर एकमेकींच्या सोबत आहेत. सरस्वती म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आधी ते फायबर खुपसणारे हात येतात.

आता रेडिओकडे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण, नाशिक हायवेने जाणाऱ्या बऱ्याच पुणेकरांनी त्या पांढऱ्या जाळीच्या थाळ्या लांबून बघितल्या असतील. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, त्यातल्या १४ मधल्या एक किलोमीटरच्या भागात आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना, सगळा पसारा २५ किलोमीटरचा. हे स्वप्न गोविंद स्वरूप यांचं, त्यांनी त्याआधी उटीला डोंगराचा उतार वापरून ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली होती, १९७० मध्ये. ४५ मीटरची थाळी पत्र्याची केली असती तर वाऱ्याने तिच्यावर एवढा दाब आला असता की ती पेलायला अवाढव्य स्टील लागलं असतं आणि पैसे आपल्याकडे नव्हते. स्वरूप आणि त्यांच्या टीमने काय केलं, तर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांनी ताणून थाळीचा आकार दिला. तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जाड, जाळीची भोकं १ ते २ सेंटीमीटरची. वारा आरपार जातो, पण २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब लहरींना ती भोकं दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी तो अखंड आरसाच. याला मी सुंदर डिझाइन म्हणते, कारण यातल्या कमी खर्चाच्या मागे लहर किती लांब आहे याची पक्की समज आहे. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे.

तीस थाळ्या मिळून एक दुर्बीण कशी होते हा भाग पोरांना सगळ्यात अवघड जातो, म्हणून सावकाश. आकाशातून आलेली लहर एका अँटेनावर आधी पोचते, दुसरीवर किंचित उशिरा, कारण त्या लांब-लांब आहेत. २५ किलोमीटरचा फरक असेल तर जास्तीत जास्त ८३ मायक्रोसेकंद. सगळ्या अँटेनांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून मधल्या इमारतीत येतात, तिथे हा उशीर हिशोबाने भरून काढतात आणि मग प्रत्येक दोन अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघतात. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. जवळच्या जोडीला आकाशातली मोठी, पसरट रचना कळते आणि लांबच्या जोडीला बारीक तपशील. एकेक जोडी चित्राचा एकेक घटक देते, आणि पृथ्वी फिरते तशी आकाशातून बघितल्यास जोडीची दिशा आणि अंतर बदलत जातं, म्हणजे काही तास तोच भाग बघत राहिलं की कितीतरी वेगळे घटक गोळा होतात. त्यातून गणिताने चित्र उभं करतात. म्हणून रेडिओ खगोलशास्त्रात फोटो निघत नाही, तो बांधावा लागतो.

आणि हे सगळं ज्या सिग्नलसाठी, तो भयंकर दुबळा असतो. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटीमीटरवर अगदी क्षीण रेडिओ लहर सोडतो. व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये हे भाकीत केलं आणि १९५१ मध्ये ती सापडली. तारे हायड्रोजनपासून बनतात, म्हणून दीर्घिकेत हायड्रोजन किती शिल्लक आहे हे कळणं म्हणजे तिच्याकडे पुढे तारे बनवायला किती माल आहे हे कळणं. पण लांबच्या दीर्घिकांचा हा सिग्नल इतका क्षीण की एकेकटीचा दिसणं जवळपास अशक्य. एनसीआरए-मधल्या, म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेतल्या, आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये काय केलं, तर ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकावर एक रचले, म्हणजे प्रत्येकीचं अंतर ऑप्टिकल स्पेक्ट्रममधून आधीच माहीत होतं, त्यानुसार त्यांची रेषा जिथे असायला हवी तिथे जुळवून सगळ्यांची सरासरी काढली. गोंगाट एकमेकांत मरतो आणि खरा सिग्नल वर येतो. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन असा मोजला गेला, आणि कळलं की त्या ज्या वेगाने तारे बनवत होत्या त्या वेगाने त्यांचा गॅस शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपला असता. विश्वात पुढे तारे बनणं मंदावलं ते का, याचं एक सरळ उत्तर.

हे काम अपग्रेड झालेल्या जीएमआरटीमुळे जमलं हे विसरायचं नाही. थाळ्या त्याच, जाळी तीच, बदलले ते फोकसजवळचे रिसीव्हर आणि खोलीतली इलेक्ट्रॉनिक्स. पूर्वी एका वेळी फ्रिक्वेन्सीचा छोटा पट्टा ऐकू यायचा, आता शेकडो मेगाहर्ट्झ एकदम, म्हणून हजारो दीर्घिका एकाच वेधात पकडता आल्या. मोबाईल टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या यांचा गोंगाट त्याच क्षणी ओळखून बाजूला काढायची व्यवस्थाही इथल्याच इंजिनिअर लोकांनी केली. पेपरवर शास्त्रज्ञांची नावं आणि त्याच्या मागे रिसीव्हर डिझाइन करणारे, केबल टाकणारे, अँटेनावर चढून दुरुस्ती करणारे किती जण.

तिसरं उदाहरण गणेशखिंडीतल्या आयुकाचंच. सूर्याचे बरेच अतिनील किरण ओझोनच्या थरात अडतात, आपल्यासाठी ते चांगलंच आहे, पण सूर्य त्या किरणांत बघायचा तर वातावरणाच्या वर जायला लागतं. आयुकाने इस्रोसोबत सूट नावाची दुर्बीण बनवली, ती आदित्य-एल१ यानावर २ सप्टेंबर २०२३ ला गेली आणि यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये ११ फिल्टरमधून सूर्याची पूर्ण थाळी बघते ती. अतिनील प्रकाशाची दुर्बीण बनवताना सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे स्वच्छता, आणि धूळ हा त्यातला सोपा भाग. गोंद, वायरचं आवरण, रंग यातून निघणारी वाफ आरशावर अतिशय पातळ थर धरते, डोळ्याला काही दिसत नाही, पण अतिनील किरण त्यात शोषले जातात आणि त्याच किरणांनी तो थर भाजून पक्का होतो. म्हणून यंत्रात कुठला गोंद चालेल, कुठला स्क्रू, कुठली वायर, हे सगळं आधी तपासायचं, वस्तू तापवून त्यातली वाफ काढून टाकायची, आणि सगळी जुळणी क्लीन रूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत झाकून. कारण एकदा रॉकेट सुटलं की एक स्क्रूही परत पिळता येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका इन्स्ट्रुमेंटच्या लॅबमध्ये काम करतो. तो सांगत होता की टेस्टच्या चित्रात एका कोपऱ्यात फिकट गोल डाग येत होता, तारा हलवला की डागही हलायचा पण उलट्या दिशेला. शोधताना कळलं की सीसीडीच्या काचेवरून थोडासा प्रकाश मागे उसळतोय, फिल्टरवर आपटतोय आणि परत सीसीडीवर येतोय. उपाय काय, तर फिल्टरच्या चौकटीखाली एका बाजूला धातूची पातळ शिम घालून फिल्टर किंचित तिरका केला, उसळलेला प्रकाश बाजूला गेला. "मॅम, एवढ्याशा पत्र्याच्या तुकड्यासाठी सगळ्यांची झोप गेली होती," म्हणाला. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, फिजिक्सचा नाही, आणि पालकांना मी हे आवर्जून सांगते.

तर करिअरचं. नेहमीचा रस्ता असा, की बीएस्सी-एमएस्सी फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग, मग पीएचडीसाठी प्रवेश परीक्षा. आयुकाच्या प्रवेशासाठी आयनॅट नावाची परीक्षा असते, शिवाय जेस्ट, टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) परीक्षा हे मार्ग आहेत. पीएचडीला पाच-सहा वर्षं, फेलोशिप मिळते, घर चालवण्याइतकी नाही पण मुलाला घरून पैसे मागावे लागत नाहीत. मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, दोन-तीन वर्षांचा करार, बहुतेक परदेशात, एक झाला की दुसरा. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येते आणि सगळ्यांना मिळतेच असं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मधल्या काळात दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज करायचे. जीएमआरटीचे वर्षाला दोन हप्ते असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, जगभरातून प्रस्ताव येतात, समिती वाचते, वेळ वाटते. तुमचा प्रस्ताव किती नेमका आहे यावर सगळं. म्हणून भाषा, लिहिणं, आपला मुद्दा दोन पानांत पटवून देणं हे या क्षेत्रात गणिताइतकंच लागतं.

इन्स्ट्रुमेंटवाल्यांचा रस्ता अजून खडतर. एखादं यंत्र कल्पनेपासून दुर्बिणीवर चढेपर्यंत दहा वर्षं सहज जातात आणि त्या काळात पेपर फारसे निघत नाहीत, पण नोकरीच्या मुलाखतीत मोजतात पेपरच. हे चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते बदलायला हवं, कारण येत्या काळात भारतापुढे नेमकं हेच काम वाढून ठेवलंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार, त्याला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत होणाऱ्या एसकेए या महाकाय रेडिओ दुर्बिणीत भारत आहे आणि आपल्याकडून त्याची धुरा एनसीआरए-कडे. तीस मीटर आरशाच्या दुर्बिणीतही आपण भागीदार. या सगळ्यांना ऑप्टिक्सवाले, व्हॅक्युमवाले, एफपीजीए (हवं ते काम करायला लावता येणाऱ्या चिप) प्रोग्राम करणारे, कंट्रोल सॉफ्टवेअर लिहिणारे, अचूक मशीनिंग करणारे लोक लागणार. पिंपरी-चिंचवड, भोसरीत मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत, त्यांच्या मुलांना कुणी सांगितलंय का की हे कौशल्य आकाशाच्या कामाचं आहे?

अकरावी-बारावीच्या मुलांनी आत्ता काय करावं, तर पायथॉन शिकावं, प्रॅक्टिकलच्या वहीत एरर नीट लिहायला शिकावं, रीडिंग आधीच ठरवून टाकू नये. टिळक रोडला ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, हौशी लोकांची, तिथे जावं. आयुकातली शाळकरी मुलांसाठीची शनिवारची व्याख्यानं ऐकावीत. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी आयुका उभी केली तेव्हापासून सामान्य माणसाला आत येऊ देण्याची जी सवय तिथे लागली ती अजून टिकून आहे, नारळीकर मे २०२५ मध्ये गेले.

आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन असतं, शाळांच्या बस भरभरून येतात, तेव्हा मुलांना घेऊन नक्की जा. नारायणगावपर्यंत एसटी आहे, पुढे खोडद जवळच. मोबाईल बंद ठेवायला सांगतील, तो खरंच बंद ठेवा, कारण तुमच्या खिशातला फोन त्या दुर्बिणीला आकाशातल्या कुठल्याही दीर्घिकेपेक्षा जास्त जोरात ऐकू येतो. सगळे थाळीसमोर उभं राहून फोटोसाठी गर्दी करतील. तुम्ही मात्र तिथल्या इंजिनिअरला गाठा आणि थाळीच्या फोकसला वर जो फिरता ठोकळा दिसतो त्याच्या कुठल्या बाजूला कुठला रिसीव्हर आहे, आज कुठला खाली वळवलाय आणि का, ते विचारा. वेळ काढून सांगतात, मुलांनी विचारलं तर जास्तच.